मालगाडीचा मळ

नवरात्र बसलं त्याच दिवशी दिनकररावांची मालगाडी पूर्ण झाली, आणि त्यांच्या जिवाची शांतताही त्याच दिवशी संपली. सात डबे आणि मागं गार्डचा डबा, प्रत्येक डबा वीतभर. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा, आतून सागवानी पट्ट्या, जोडायला पितळी तारेचे आकडे आणि वरून विटकरी तेलरंगाचे दोन हात. डब्यांवरची अक्षरं तर अशी की कुणाला छापलेली वाटावीत. दिनकरराव परभणीला पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचे, हे त्यांचं काम. साऱ्या नोकरीत त्यांच्या हातून कागदावर शाईचा एक ठिपका सांडला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कुणाला सांगत नसत, पण दुसरा कुणी सांगू लागला तर त्याला अडवतही नसत.

गाडी ओसरीत पाटावर मांडून त्यांनी सासऱ्यांना हाक मारली.

सासरे म्हणजे सटवाजी. छोट्या लाईनवर मालगाडीचे गार्ड म्हणून जन्म काढलेले. बायको आधीच गेलेली आणि रुख्मिणी ही एकच लेक, त्यामुळं रिटायर होऊन क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा ते लेकीकडे राहायला आले. सासरा जावयाच्या घरी राहतो, यावर गल्लीनं पुष्कळ चर्चा केली आणि दुसरा विषय मिळाल्यावर सोडून दिली. दिनकररावांची अडचण निराळीच होती. सटवाजींनी जावयाला कधी वावगा शब्द वापरला नाही. ते अतिशय आदरानं बोलत आणि जे काय बोलायचं ते त्या आदरातच बसवत. दिनकररावांनी बाजारातून वांगी आणली की सटवाजी एक वांगं हातात घेऊन म्हणत, "छान हायेत, जावईबापू. बियाला ठिवता येतील." यावर भांडावं तरी कसं?

अलीकडे मात्र हे बोलणंही बंद झालं होतं. छोटी लाईन उखडून मोठी टाकायचं काम मनमाडकडून सुरू झाल्याचं कळलं, तेव्हापासून सटवाजी ओसरीतल्या खुर्चीत गप्प बसून राहत. जेवायला बसले तर अर्ध्या भाकरीवर उठत. जुन्या रेल्वेवाल्यांनी छोट्या लाईनला निरोप म्हणून दसऱ्याला स्टेशनाजवळ मेळावा ठरवला होता. त्याचं बोलावणं आलं तेव्हा सटवाजी म्हणाले, "मयताला जायचं तर जावं मानसानं. पन तितं हार घालून घ्यायला कामून जायचं?" रुख्मिणीनं स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. ती नवऱ्याला म्हणाली, "बाबा असेच बसून ऱ्हायले तर मला लय भ्या वाटतंय. काईतरी करा की तुमी." दिनकररावांना करण्यासारखं जे येत होतं ते त्यांनी केलं. त्यांनी गाडी केली.

सटवाजींनी चष्मा पुसला. एकेक डबा उचलून बघितला. गार्डच्या डब्याची दारं उघडत होती, तीही त्यांनी उघडमीट करून बघितली. 

"लय सुंदर झालीय, जावईबापू," सटवाजी म्हणाले. "काचेच्या कपाटात ठिवा."

"मामा, ही तुमचीच गाडी आहे. मेळाव्याला न्यायची."

"माजी?" सटवाजींनी डबा खाली ठेवला. "ह्यो डबा अजून कारखान्यातून भाईर पडला न्हाई. ह्यानं धूळ खाल्ली न्हाई, पाऊस बगितला न्हाई. माजी गाडी असंल तर मला वळखू आली पायजे का न्हाई? वळखू आली तर मी नेतो. मांडीवर घेऊन जातो." एवढं बोलून ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

कित्येक दिवसांत त्यांनी एका दमात इतके शब्द उच्चारले नव्हते. रुख्मिणीनं दाराआडून नवऱ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ स्पष्ट होता. गाडी जुनी करायची, आणि दसऱ्याच्या आत करायची.

वरवर पाहता यात अवघड काय आहे? या घरात, या गल्लीत आणि एकंदर परभणीत कुठलीही वस्तू नुसती ठेवली तरी आपोआप जुनी होते. पण मुद्दाम जुनी करायची म्हटलं की विद्या लागते, आणि दिनकररावांची सगळी विद्या उलट्या दिशेची होती. त्यांनी गेरू कालवला, चहाचं पाणी उकळलं, समईची काजळी खरवडून तेलात घोटली आणि बारीक कुंचल्यानं डब्यांवर धूळ रंगवायला घेतली. तास दोन तास मान मोडून काम केलं. लांब होऊन बघितलं तर प्रत्येक डब्यावर सारख्या जाडीचे, सारख्या अंतरावरचे, काटकोनात उतरलेले घाणीचे पट्टे होते.

सटवाजींनी खुर्चीतूनच बघितलं. "धूळ बी फूटपट्टीनं मारलीय," ते म्हणाले. "ह्ये सगळ्यांना जमत न्हाई."

दिनकररावांनी रॉकेल लावून पट्टे पुसले आणि डोळे मिटून कुंचला फिरवला. पट्टे तेवढेच सरळ आले. मग डाव्या हातानं प्रयत्न केला, तेव्हा ते उलट्या बाजूला सरळ आले. आपल्या हाताला साधी घाण करता येत नाही, हा शोध त्यांना चाळिशीनंतर लागला आणि मनाला फार लागला.

एव्हाना शेजारी जागे झाले होते. शेजारच्या धुरपताबाई परडी न्यायला म्हणून आल्या आणि ओसरीतल्या खांबाला टेकून उभ्याच राहिल्या. नवी कोरी वस्तू शहाणासुरता माणूस बसून खराब करतोय, हे दृश्य त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"काय करायलेत गं ह्ये?" त्यांनी रुख्मिणीला विचारलं.

"जुनं करायलेत."

"नव्याला?"

"हां."

धुरपताबाईंनी आवाज खाली आणला, पण त्यांचा खालचा आवाजही तीन घरं जात असे. "देवीचे दिवस हायेत बाई. असल्या दिवसांत मानसाच्या हातानं घान व्हायली म्हंजी साधं न्हाई. कुनी काई खायला घातलं का बघ." संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन बातम्या झाल्या. दिनकररावांवर करणी झाली, ही एक. आणि सटवाजी गार्ड मेळाव्याला जावयानं बनवलेली मालगाडी घेऊन येणार, ही दुसरी. पहिल्या बातमीनं दिनकररावांना नुसती चीड आली. दुसरीनं त्यांची झोप उडाली.

दुसऱ्या बाजूचे शेजारी भगवानराव गुरुजी शाळेत चित्रकला शिकवत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिनकरराव, तुमी घाण मनानं काढायलाव. मुलांना मी हेच सांगतो, आंबा काढायचा तर आंबा समोर ठेवा. तुमी खरी घाण बघितलीय का कधी नीट?" दिनकररावांना कबूल करावं लागलं, की नाही. घाण दिसली की ते तोंड फिरवत आले होते.

म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्टेशनच्या मालधक्क्यावर गेले. तिथं एक मालगाडी उभी होती. दिनकरराव जवळ जाऊन बघत राहिले आणि हरखून गेले. काय ती घाण! दाराखाली सिमेंटचे ओघळ, बिजागरीतून झरलेला तांबडा गंज, कोपऱ्यात चिकटलेली सरकी, चाकांवर काळं वंगण आणि त्यावर आख्ख्या मराठवाड्याची माती. एकही रेघ सरळ नाही. त्यांनी खिशातून पातं काढलं आणि थोडा गंज खरवडून कागदाच्या पुडीत घेतला.

"काय करायलाव?" मागून आवाज आला. रेल्वेचा हवालदार होता. त्या वर्षांत मोर्चे, बंद आणि रेल रोको यांचं येणंजाणं कायमचंच असे, त्यामुळं रुळाजवळ कुणी विनाकारण रेंगाळलं की पोलिसांची मान ताठ होई.

"बघायलोय," दिनकरराव म्हणाले.

"काय बगायलाव?"

"घाण."

हवालदारानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. इस्त्रीची पॅन्ट, खिशाला पेन, हातात पातं. त्यानं पुडी उघडून हुंगली. "ह्ये काय?"

"गंज."

"कुनाचा?"

असा प्रश्न दिनकररावांना जन्मात कुणी विचारला नव्हता. "डब्याचा," ते म्हणाले.

"डबा कुनाचा?"

"रेल्वेचा."

"मग गंज कुनाचा?"

दिनकररावांना पुढचं सगळं दिसू लागलं. आपण सरकारी नोकर. सरकारी मालमत्ता चोरताना सापडलो तर निलंबन. वर्तमानपत्रात येणार, 'गंजचोर ट्रेसर'. चौकशी अधिकारी विचारणार, गंज नेऊन काय करणार होतात? खरं सांगितलं तर निलंबनाऐवजी वेड्यांच्या दवाखान्यात पाठवतील. हवालदारानं त्यांना मालधक्क्याच्या बाबूंसमोर नेऊन उभं केलं, तोवर त्यांच्या सदऱ्याची इस्त्री घामानं मोडली होती.

बाबूंनी चहाची बशी खाली ठेवली. "बिगर परवानगीचं बघितलं कामून? अर्ज द्या."

दिनकररावांनी तिथंच बसून, सुवाच्य अक्षरात, समास सोडून अर्ज लिहिला. विषय : मालडब्यांवरील घाण पाहण्याची परवानगी मिळणेबाबत.

बाबूंनी वाचला आणि परत केला. "घाण हा शब्द काढा. घाण हाय असं लेखी आलं तर वरून विचारतील, साफ कामून केली न्हाई? मग जिम्मेदारी कुनाची?"

"मग काय लिहू?"

"डब्यांवरील स्वच्छता पाहण्याची, असं लिहा."

"पण मला स्वच्छता बघायची नाही."

"ती तुमाला दिसनार बी न्हाई. लिहायला काय जातंय?"

दिनकररावांनी पुन्हा लिहिला आणि परवानगी दसऱ्याच्या आत मिळावी, अशी विनंतीही खाली जोडली. बाबू म्हणाले, "आता हा वर जाईल. दसऱ्याच्या आत पायजे म्हनता, तर कोन्त्या दसऱ्याच्या तेवढं स्पष्ट करा." मग सही बघून त्यांनी सहज विचारलं, "इकडं कुनाला वळखता का?"

"सटवाजी गार्ड माझे सासरे."

बाबू खुर्चीतून उठले. हवालदारानं टोपी नीट केली. "सटवाजी गार्डचे जावई? मग आदी सांगायचं न्हाई का! म्हंजी ती गाडी बनवायलेत ते तुमीच?" बाबूंचा चेहरा फुलला. "अहो, मेळाव्यात मधोमध टेबल ठिवलंय तिच्यासाठी. सटवाजी स्वतः घेऊन येनार म्हनून आमी पूर्ण्यापर्यंत निरोप धाडले. जुने डायवर, फायरमन, समदे येनार बगायला."

दिनकररावांना वाटलं, यापेक्षा निलंबन परवडलं असतं. चहा पाजून त्यांना सन्मानानं सोडण्यात आलं. गंज मात्र हवालदारानं नेऊ दिला नाही. ज्या डब्याचा होता त्या डब्यावर तो त्यांना परत टाकायला लावला.

तरी एक झालं, खरी घाण डोळ्यांत बसली. आता ती हातातून उतरवण्याच्या भानगडीत पडायचं नाही, जिथं ती आपोआप होते तिथं डबे न्यायचे, असं दिनकररावांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते पिशवीत डबे घालून एसटी स्टँडवर गेले. पालमची गाडी सुरू होऊन उभी होती आणि मागून काळा धूर सोडत होती. दिनकरराव उकिडवे बसले आणि एकेक डबा धुरापुढं धरू लागले. माणसं जमायला वेळ लागला नाही. एकानं सांगितलं, थोडा तिरपा धरा. एका म्हातारीनं विचारलं की यानं खोकला जातो का. कंडक्टर खाली उतरला आणि त्यानं प्रामाणिकपणे चौकशी केली, "साहेब, आमच्या गाडीची काई तक्रार आलीय का?" दिनकररावांनी नुसती नकाराची मान हलवली. बोलायला तोंड उघडलं असतं तर धूर आत गेला असता. गाडी निघाली तेव्हा तिनं उडवलेली धूळही त्यांनी डब्यांवर घेतली, आणि डब्यांबरोबर स्वतःवरही घेतली.

घरी आल्यावर त्यांनी परसदारी, कुणाच्या नजरेस न पडता, मिठाच्या पाण्यात लोखंडाचा कीस भिजवून गंज तयार केला आणि बिजागऱ्यांवर सोडला. सोडला म्हणजे खरोखर सोडला, हात लावला नाही. तो आपल्या वाटेनं ओघळला. दारांखाली सिमेंट फुंकलं, कोपऱ्यात सरकीचे तंतू अडकवले. अष्टमीला सगळं वाळलं आणि दिनकररावांनी बघितलं तर पाटावर मालगाडी उभी होती. पावसाळे खाल्लेली, थकलेली, कुठल्यातरी आडबाजूच्या स्टेशनात सिग्नलची वाट बघणारी. त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला. मामा ओळखणार, याबद्दल आता शंका उरली नव्हती.

पण ही घाण टिकवायची कुठं? रुख्मिणीच्या हाताला फडक्याची सवय, आणि घरात सणाची झाडलोट चाललेली. दिनकररावांनी विचार करून गाडी गुपचूप भगवानराव गुरुजींकडे ठेवली. गुरुजी कलाकार माणूस, आणि त्यांच्याकडे नवरात्रही नसे, म्हणजे धुण्यापुसण्याचं भय नाही. नवमीला ऑफिसातून लवकर यायचं, गाडी आणायची आणि सटवाजींसमोर मांडायची, असं ठरलं.

नवमी म्हणजे खंडेनवमी. ऑफिसात टी-स्क्वेअर, कंपास आणि शाईच्या पेनांची पूजा झाली. दिनकररावांनी नारळ फोडला, आणि नवरात्र बसल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या घशाखाली गोड उतरलं.

इकडं भगवानराव गुरुजींना दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या धम्मचक्र दिनासाठी नागपूरला निघायचं होतं, आणि गर्दीत जागा मिळावी म्हणून त्यांनी दुपारचीच रेल्वे पकडायचं ठरवलं. घराला कुलूप लावायचं, तर दुसऱ्याची ठेव आत कशी ठेवायची? ते मालगाडी घेऊन रुख्मिणीकडे आले. "वहिनी, ही दिनकररावांची गाडी. लय मेहनतीची हाय. जपून ठेवा," एवढं सांगून ते घाईनं स्टेशनला गेले.

त्या वेळी अंगणात विळी, कोयता, पाटा, कुऱ्हाड आणि दिनकररावांची सायकल धुऊन ओळीनं मांडलेली होती. धुरपताबाई मदतीला होत्या. ओसरीतला कुंचला बंद झाल्यापासून नवऱ्यानं जुनं करायचा नाद सोडला, असंच रुख्मिणी समजून होती. खंडेनवमीच्या दिवशी, ऐन पूजेच्या वेळेला घरात एक वाहन आलं आहे आणि ते असं बरबटलेलं आहे, म्हटल्यावर कुठल्याही संसारी बाईनं जे केलं असतं तेच रुख्मिणीनं केलं.

दिनकरराव दारात आले आणि उंबऱ्यावरच थबकले. पाटावर सायकलीच्या पुढं मालगाडी उभी होती. चिंच आणि राख लावून पितळी आकडे असे घासले होते की उन्हात डोळे दिपावेत. विटकरी रंगाला खोबरेल तेलाचा हात दिलेला. प्रत्येक डब्यावर हळदीकुंकवाचं बोट, आणि गार्डच्या डब्याला झेंडूची माळ. नवी होती तेव्हासुद्धा ती इतकी नवी नव्हती.

"किती मळली व्हती," रुख्मिणी कौतुकानं म्हणाली. "गुर्जी म्हनले जपून ठिवा, म्हनून मी सोता एकेक डबा घासला. दिसायलीय का न्हाई चांगली?"

दिनकररावांना रडू येईल असं वाटलं. सणाच्या दिवशी, सगळी पूजा मांडलेली असताना, बायकोच्या ओल्या हातांकडे बघून बोलणार तरी काय? ज्याच्यासाठी ती घाण केली त्यानं ती बघितलीसुद्धा नाही. उद्या मधोमध टेबल रिकामं राहणार, आणि हा म्हातारा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार. ते पायरीवर बसले आणि हळू आवाजात रुख्मिणीला सगळं सांगितलं. तिच्या हातातलं तबक तसंच राहिलं.

तेवढ्यात सटवाजी देवीच्या देवळातून आले. त्यांनी गाडीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि लेकीच्या तोंडाकडे बघून काय झालं ते ओळखलं. आज त्यांनी आदराचं काही बोलणंही टाळलं. "असू द्या, जावईबापू," ते म्हणाले, "तुमी लय केलं. न्हाई गेलो उद्या, तर काई अडत न्हाई." मग पाटाशेजारी टेकून त्यांनी चंची सोडली. तंबाखू तळहातावर घेतली, चुन्याच्या डबीत बोट घातलं, मळली, फुंकली, ओठात ठेवली. आणि उगीच हाताला चाळा म्हणून गार्डचा डबा उचलला. अंगठ्यानं त्याचं दार उघडलं, आणि बोटाला उरलेला चुना दाराच्या चौकटीला पुसला.

विटकरी रंगावर पांढरा ओघळ उठला. वरती जाड, खाली बारीक, तिरका. रुख्मिणीनं पदर पुढं केला. दिनकररावांचा रुमालही सवयीनं खिशातून बाहेर आला.

"थांबा," सटवाजी म्हणाले.

त्यांनी डबा डोळ्यांजवळ नेला. 

"हितंच," ते म्हणाले. "ह्याच जागी. एका हातात झेंडी, दुसऱ्यानं दार धरायचं. मग बोट पुसायचं कुटं? जन्मभर हितंच पुसलं. मानवत रोडला एकदा साहेबानं बगितलं आन मला समद्यांसमोर झापलं. म्हनला, गार्ड, ये सरकारी डब्बा है, तुम्हारा पानदान नहीं. मी हो म्हनलो, गाडी सुटली, आन पुन्हा हितंच पुसलं." ते हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "माजा डबा हाय ह्यो, जावईबापू. वळखला मी."

मग ते बोलतच सुटले. सेलूचा उतार, झरीकडचा पाऊस, इंजिनातल्या फावड्यावर भाजलेली कणसं. जेवताना भाकरी किती खाल्ल्या ते त्यांनाही कळलं नाही. दिनकरराव समोर बसून ऐकत होते. आपण नऊ दिवस गल्ली, पोलीस आणि एसटी यांच्यापुढं अब्रू घालवून जे मिळवलं नाही, ते या माणसानं एका बोटात केलं, याचा त्यांना थोडा राग आला होता. पण आनंदच इतका झाला होता की राग नीट धरता येईना.

शेवटी त्यांनी भीत भीत विचारलं, "मामा, हा एक डबा झाला. बाकीचे सात उद्यापर्यंत कसे मळवायचे?"

"तुमी कामून मळवायलाव?" सटवाजी म्हणाले. "उद्या समदे येनार हायेत की. खलाशी येतील, फायरमन येतील, मापाडी येतील. ज्याचा डबा त्यो मळवील." मग ते उठले, गार्डचा डबा उशाशी ठेवायला हातात घेतला, आणि जाता जाता वळून म्हणाले, "तुमी बी चला माज्यासंगं, जावईबापू. पन ते इस्त्रीचे कपडे घालून येऊ नका."